टाळूला सिगरेटचा वास

सुचित्रा घाडीचं नाक फार तिखट होतं. लालबागच्या चाळीत जिन्याच्या तळाशी उभी राहून ती सांगायची की तिसऱ्या मजल्यावर आज ताजा बांगडा तळतायत आणि त्याच्या शेजारच्या खोलीत कालचाच गरम करतायत. शेजारणी हसायच्या, पण ती सांगेल ते खरं निघायचं. हे नाक म्हणजे देवाने आपल्यामागे लावलेली पीडा आहे, असं तिचं स्पष्ट मत होतं. चांगले वास जगात असतात किती? बाकी सगळा घाणीचाच कारभार, आणि तो हिच्या नाकात सगळ्यांच्या आधी शिरायचा.

या नाकाला सुख एकच होतं, ते म्हणजे तान्ह्या बाळाची टाळू. वय एकसष्ट, त्यातली तीसेक वर्षं तिने लोकांची बाळं आणि बाळंतिणी न्हाऊ घालण्यात काढली होती. पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर बाळ घ्यायचं, तेल जिरवायचं, न्हाऊ घालायचं, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, गुटी उगाळून चाटवायची. मग बाळ दुपट्यात गुंडाळून आईकडे देण्याआधी टाळूला नाक लावून एक लांब श्वास घ्यायचा. दुधाचा, तेलाचा आणि आणखी कसला तरी, ज्याला नावच नाही, असा तो वास असतो. तेवढ्यासाठी ती लालबागहून गिरगावला दोन बस बदलून जायची.

हल्ली धंदा उतरला होता. एजन्सीच्या मुली युनिफॉर्म घालून येतात आणि हातमोजे चढवून बाळाला तेल लावतात, हे ऐकूनच तिला कसंतरी व्हायचं. पण जुन्या घरांतून घाडीमावशीला अजून बोलावणं यायचं. तिचा एक रिवाज होता. ज्या घरात जाईल तिथे सगळ्यांना बाळाच्या नात्याने हाक मारायची. आजी, आजोबा, आत्या. मालक-मालकीण ही भाषा तिला जमत नसे.

आणि तिला तिटकारा होता तो बिडी-सिगरेटचा. बसस्टॉपवर शेजारी कोणी सिगरेट पेटवली की ती पदर नाकाला लावून त्याच्याकडे अशी बघायची की भल्याभल्यांना ती विझवावी लागे. त्याला कारण होतं, पण ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

कारण म्हणजे कुशाबा, तिचा नवरा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि कुशाबा दिवसभर घरात बसून बिड्या ओढायला मोकळा झाला. दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी, तीही शेजारच्या चाळीच्या भिंतीकडे तोंड करून. काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून बिडी रॉकेलच्या स्टोव्हवर पेटवायची पद्धत होती, आणि स्टोव्हपाशी बसलेली असायची सुचित्रा. त्या काळी बायका हे करायच्याच. चहा गाळून द्यावा तशी बिडी पेटवून द्यायच्या. आता बिडी काही नुसती ज्योतीला धरून नीट पेटत नाही, एक दम मारावा लागतो. तो दम ती मारायची, तोंड वाकडं करून, आणि बिडी पुढे करायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाही करतच होती. वास आला की मोरीत जाऊन ओकायची. शेजारणी म्हणायच्या, डोहाळे आहेत गं, असंच होतं. गरोदर बाईला धुराची शिसारी आली तर दोष डोहाळ्यांचा, धूर काढणाऱ्याला मात्र कोणी एका शब्दाने बोलणार नाही, असा हा आपला न्याय.

मुलगा सातव्या महिन्यात झाला, मूठभर. नऊ दिवस जगला. बायका म्हणाल्या, नजर लागली. सुचित्राने मान्य केलं, कारण न मान्य करून सांगायचं काय? दुसऱ्या खेपेला ती तिसऱ्या महिन्यापासून गावी आईकडे जाऊन राहिली. मुलगी झाली ती चांगली गुटगुटीत, आता लग्न होऊन बदलापूरला असते. या दोन गोष्टी तेव्हा कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. कुशाबा अधूनमधून म्हणायचा, ही शेवटची. एकोणीस वर्षं तो शेवटची बिडी ओढत होता, आणि मग खोकत खोकत गेला.

त्यानंतर कधीतरी दादरला एका बाळाला घेऊन ती डॉक्टरकडे गेली होती. तिथे भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. पोट दिसणारी बाई, तिच्या शेजारी सिगरेट ओढणारा बाप्या, आणि खाली मराठीत लिहिलेलं. सुचित्रा चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर लावत तिने वाचलं की आई स्वतः ओढत नसली तरी दुसऱ्याचा धूर तिच्या पोटातल्या बाळापर्यंत जातो, बाळ कमी दिवसांचं होतं, कमी वजनाचं होतं, दगावतंही. ती दोनदा वाचून उठली आणि बाळाला घेऊन गुपचूप परत आली. ती तर स्वतः दम मारत होती. तेव्हापासून सिगरेटचा वास आला की तिला कुशाबाची किळस यायची आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःची.

यंदा दिवाळी आटोपल्यावर तिला बिवलकरांकडून बोलावणं आलं. घर ठाकूरद्वारच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. रमाकांत बिवलकर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे, घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा. बोलणं मृदू, कोणावर आवाज चढवल्याचं वाडीत कोणाला आठवत नाही. पत्नी मृणालिनीबाई. मुलगा शंतनू नोकरीला बंगळूरला, तो बारशाला यायचा होता. सून ऋता, आणि तिची मुलगी, जिला अजून सगळे नुसतं बाळ म्हणत होते. बाळ महिनाभर आधीच झालेलं, वजन दोन किलोलाही कमी. आठवडाभर पेटीत ठेवून मग घरी सोडलं होतं.

"एवढीशी कशी राहिली गो ही?" पहिल्या दिवशी बाळ पायांवर घेताना मावशीने विचारलं.

"ऋताचं खाणंच नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "सारखं त्या लॅपटॉपपुढे बसायचं. मी सांगून थकले."

ऋता भिंतीकडे बघत पडून राहिली. मावशीला वाटलं, असेल. हल्लीच्या मुली खातात कुठे?

तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालून, धुरी देऊन, तिने बाळ ऋताकडे दिलं. रोजच्यासारखं ऋताने ते आजोबांकडे दिलं, कारण कोवळ्या उन्हात बाळाला घेऊन बसायचा मान त्यांचा होता. अर्ध्या तासाने बाळ परत आलं. मावशी निघायच्या तयारीत होती. पायात चपला घालण्याआधी तिने पुन्हा एकदा बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि झटक्यात मान मागे घेतली.

सिगरेट. कालची, परवाची आणि आत्ताची, सगळी एकात एक मुरलेली. घरात शिरताना पुसटसा वास पहिल्या दिवसापासून यायचा, पण तो खालून रस्त्यावरून येत असेल असं ती समजली होती. दुधाचा वास नाही, तेलाचा नाही. तिने टोपडं हुंगलं, त्यालाही तोच. झबलं, दुपटं, सगळ्याला तोच. मुंबईत ती कोणकोणत्या वासांतून गेली होती. मासळीबाजाराच्या, गटाराच्या, तुंबलेल्या संडासांच्या. पण तान्ह्या पोराच्या डोक्याला थोटकाचा वास, हा तिला ओकारी आणणारा पहिलाच.

"आजी, घरात सिगरेट कोण ओढतं?" तिने सरळ विचारलं.

"घरात कोणीच नाही ओढत हो," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हे ओढतात, पण बाहेर."

"बाहेर म्हणजे खाली?"

"गॅलरीत."

ही गॅलरी कधीकाळी खरंच बाहेर असेल. पण तीस वर्षांपूर्वी बिवलकरांनी ती सरकत्या काचा लावून बंद करून घेतली होती, वाडीतल्या सगळ्यांनी घेतली तशीच. आता तिच्यात कपाट होतं, वॉशिंग मशीन होतं, ऋताचं घरून काम करायचं टेबल होतं आणि वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. कबुतरं शिरतात म्हणून काचा बाराही महिने लावलेल्या. तरी बिवलकरांच्या तोंडी ती अजून 'बाहेर'च होती. रमाकांतराव दिवसातून आठ-दहा वेळा "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून उठायचे आणि मधलं दार लोटून घेऊन पलंगापासून चार पावलांवर उभे राहायचे. सगळं घर यात समाधानी होतं. बाबा किती विचार करतात, घरात म्हणून ओढत नाहीत.

मावशी दार ढकलून आत गेली. दोरीवर बाळाचे लंगोट, झबली, टोपडी ओळीने वाळत होती. त्यांच्या बरोबर खाली, खिडकीच्या कट्ट्यावर कॉफीची एक जुनी काचेची बाटली होती. बाटलीत पाणी, आणि पाण्यात थोटकं. किती दिवसांचं पाणी होतं देव जाणे, ते काळपट तांबडं झालं होतं, वर फुगलेले कागद आणि तंबाखूचे धागे तरंगत होते. ऋताच्या टेबलावर राखेचा पातळ थर होता. ज्या खुर्चीत बसून आजोबा बाळाला ऊन देत, तिच्या पाठीवर त्यांची शाल होती, आणि ती शाल हुंगायची तिला गरजच पडली नाही.

रमाकांतराव मागून आले. "काय शोधताय, मावशी?"

"आजोबा, बाळाचे कपडे ह्याच्यावर वाळतात. हे बरं नाही. तुम्ही सोडा नायतर खाली रस्त्यावर जाऊन ओढा."

ते रागावले नाहीत, हीच पंचाईत होती. हसले. "मी नेहमी दार लावतो. नंतर हात धुतो, बडीशेप खातो, मगच बाळाला घेतो. पन्नास वर्षं ओढतोय. शंतनू याच घरात वाढला ना?"

"त्याला दमा होता लहानपणी," ऋता आतून हळूच म्हणाली.

"तो आनुवंशिक," मृणालिनीबाई लगेच म्हणाल्या. कोणाकडून आलेला आनुवंशिक, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण दोन्ही घराण्यांत दुसऱ्या कोणाला दमा नव्हता.

पुढच्या आठवड्यात बाळाला तपासायला नेलं. डॉक्टरांनी बजावलं, बाळाची फुप्फुसं अजून नाजूक आहेत, धूर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शेगडी पेटवायला बसली, तर मृणालिनीबाईंनी तिच्या हातातून ओव्याची पुडी काढून घेतली. "आजपासून धुरी बंद, मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय."

तीस वर्षांत मावशीच्या धुरीला कोणी हात लावला नव्हता.

"धूर तो धूर," रमाकांतराव दारात उभे राहून समजावणीच्या सुरात म्हणाले. "शास्त्र आहे ते. भावनेचा प्रश्न नाही."

"आणि तुमचा?"

"अहो, मी बाहेर ओढतो."

हे बोलताना सदऱ्याच्या खिशातून सिगरेटचं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. एवढा शिकलेला, सुधारलेला, सभ्य माणूस, आणि त्याला आपल्या बोलण्याची लाजही वाटू नये, याची मावशीला इतकी घृणा आली की तिने त्या दिवशी त्या घरचा चहा घेतला नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र तिचं डोकं वेगळ्याच वाटेला लागलं. म्हातारा लबाड खरा, पण म्हणाला ते खोटं नव्हतं. धूर तो धूर. आपण इतकी वर्षं तान्ह्या पोरांना शेगडीवर धरलं, ती शिंकायची, डोळे चोळायची, रडायची, आणि आपण म्हणायचो, अंगातली सर्दी निघतेय. तिला शरम वाटली. दादरला आणखी एका बाळाला न्हाऊ घालायला ती जायची, त्या घरीही तिने दुसऱ्या दिवशी धुरी बंद केली आणि तिथल्या आजीला सांगितलं की माझं चुकत होतं. असं सांगायला घाडीमावशीसारख्या बाईला किती जड जातं, ते तिच्या शेजारणींना विचारावं.

बिवलकरांकडे ती आता धुणं स्वतः गच्चीवर नेऊन वाळत घालू लागली. बाळाला ऊन द्यायला जिन्यातल्या खिडकीपाशी घेऊन बसू लागली. पण ती असायची सकाळचे दोन तास. उरलेला दिवस घर त्यांचं होतं. आजोबांचा नातीवर जीव होता, हे कोणी नाकारू नये. मांडीवर घेऊन तिला स्तोत्रं म्हणून दाखवायचे, तिच्या बोटांना हळूच आपलं बोट धरायला द्यायचे. ते बोट पिवळं पडलेलं होतं आणि मावशीला ते बघवत नसे.

"तू का बोलत नाहीस?" तिने एकदा ऋताला विचारलं.

"जाऊ दे ना मावशी. आईंना वाईट वाटतं. आणि बाबा एवढं करतात माझं."

बाळ तीन आठवड्यांचं झालं त्या दिवशी मावशी आली, पाटावर बसली, बाळ पायांवर घेतलं आणि तेलाची वाटी तशीच बाजूला सारली. बाळ रडत नव्हतं. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, आणि ओठांभोवती निळसर दिसत होतं.

"न्हाणं राहू दे. टॅक्सी बोलवा," ती म्हणाली.

"सर्दी असेल," मृणालिनीबाई म्हणाल्या. "जरा वेखंड लावून बघू या."

"आजी, मी एकदा बघत बसले होते. टॅक्सी बोलवा."

परळच्या बाजूला लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात त्यांनी बाळाला आत घेतलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. बाहेरच्या बाकावर ऋता, तिच्या शेजारी मृणालिनीबाई, समोर रमाकांतराव उभे, आणि मावशी भिंतीला टेकून. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण हातात कागद घेऊन आली. छातीत संसर्ग आहे, म्हणाली, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. मग कागदावर बघत विचारलं, "घरात कोणी सिगरेट ओढतं?"

"छे," मृणालिनीबाई म्हणाल्या. "घरात कोणी नाही."

रमाकांतराव वरच्या पंख्याकडे बघत होते.

"या मावशी मात्र धुरी द्यायच्या," मृणालिनीबाई पुढे म्हणाल्या. "आम्ही बंद करायला लावली."

मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. पोर आत नळीवर आहे आणि ही बाई अजून घराची अब्रू झाकतेय. ती भिंतीपासून पुढे आली.

"दिली धुरी. आठ दिवस दिली. ती माझी चूक, लिवा," ती म्हणाली. "आता दुसरं लिवा. हे आजोबा दिवसाला दहा सिगरेटी ओढतात. बंद गॅलरीत. तिथंच बाळाचे कपडे वाळायचे. मी हुंगलंय तिला. तिच्या टाळूला सिगरेटचा वास येतो."

"मावशींचा गैरसमज आहे," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हे दार लावून ओढतात."

डॉक्टरीण ऋताकडे वळली. "तुम्ही सांगा."

ऋताने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला नाही नीट माहीत," ती म्हणाली.

आवाज न चढवता डॉक्टरीण म्हणाली, "दार लावून काही होत नाही. धूर कपड्यांना, केसांना, हातांना चिकटून येतो, आणि बाळ तो ओढतं. आजार केवळ त्यानेच झाला असं मी म्हणणार नाही, संसर्ग कुठूनही होतो. पण आधीच कमी वजनाच्या बाळाला अशा घरात तो होण्याची भीती जास्त, आणि झाला की जड जातो. गरोदरपणात आई त्या धुरात बसली असेल, तर वजन कमी असण्यातही त्याचा वाटा असू शकतो." एवढं बोलून ती आत गेली. रमाकांतराव जिना उतरून खाली गेले.

मृणालिनीबाई पाणी आणायला उठल्या, तेव्हा ऋता मावशीच्या हाताला धरून म्हणाली, "मावशी, आठही महिने माझं टेबल त्या गॅलरीत होतं. बाबा यायचे, उभे राहायचे, माझी चौकशी करायचे आणि ओढायचे. मला मळमळायचं. दर तपासणीला डॉक्टर विचारायच्या, घरात कोणी स्मोक करतं का? दर वेळी आई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. मी दर वेळी नाही म्हटलं."

मावशीला तिचा राग आला नाही. त्या पोरीच्या जागी तिला स्टोव्हपाशी बसलेली सुचित्रा दिसली, आणि त्या दोघींच्याही गप्प बसण्याची चीड आली. तिने ऋताचा हात सोडला आणि जिन्याकडे वळली. म्हाताऱ्याला ती सांगणार होती. जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगणार होती, कारण त्याला सोडायला लावण्यासाठी तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

रमाकांतराव हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, उभ्या टॅक्सीच्या आडोशाला होते. हातात सिगरेट. तिला पाहून त्यांनी ती मागे लपवली. शाळेतल्या पोरासारखी.

"राहवलं नाही, मावशी," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "एकच. ही शेवटची. आता नातीची शपथ."

"माझो घरवालो पण असाच म्हणायचो," ती म्हणाली. घरचीच बोली तिच्या तोंडातून निघाली, आणि तिने ती अडवली नाही. "आजोबा, माका पयलो झील झालेलो. सातव्या महिन्यात. मी पोटुशी असताना नवऱ्याची बिडी पेटवून देयची. मीच दम मारी. आज तुमच्या सुनेची जी गत, ती माझी होती, फक्त माका कोणी विचारलाच नाय. मी तेका मारलंय, असा माका रोज वाटता."

रमाकांतरावांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग अगदी हळू, खरोखर कळवळून त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"नाव खयचा. बारसो होवच्या आदीच गेलो."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी मान हलवली, आणि मान हलवता हलवताच मागचा हात पुढे आला, तोंडाकडे गेला, आणि त्यांनी एक झुरका घेतला. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं. धूर बाहेर पडल्यावर मावशीच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, आणि त्यांनी घाईघाईने सिगरेट टाकून तिच्यावर चप्पल घासली.

हा माणूस वाईट नव्हता, रडत होता ते खरं होतं, आणि तिच्या मेलेल्या पोराची गोष्ट ऐकतानाही त्याने झुरका मारला होता. मावशीला इतकी शिसारी आली की ती पदराने तोंड दाबून तशीच माघारी फिरली आणि गुडघे दुखत असतानाही एका दमात जिना चढली.

ऋता बाकावर होती. मृणालिनीबाई पाण्याची बाटली घेऊन परत येऊन तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"ऋता," मावशी धापा टाकत म्हणाली, "पोर बरी झाली की तिला त्या घरात नेऊ नको. इथून सरळ दादरला तुझ्या आईकडे जा. मी तिथं येईन न्हाऊ घालायला. ते सोडणार नाहीत. मी आत्ता बघून आले."

"मावशी, काहीतरीच काय," मृणालिनीबाई म्हणाल्या. "बारसं तोंडावर आलंय. लोक काय म्हणतील?"

ऋताने दोघींकडे पाहिलं. मग समोरच्या बंद दाराकडे, ज्याच्या पलीकडे तिची मुलगी नळीने श्वास घेत होती. तिने मोबाइल काढला आणि दादरला आईला लावला. बाळाला दवाखान्यात ठेवलंय हे सांगितलं, इथून आम्ही दोघी तुझ्याकडे येणार हेही सांगितलं. पलीकडून आई घाबरून विचारत असावी की असं मधेच का, सासरी काही झालं का. मृणालिनीबाई अगदी लागून बसल्या होत्या. त्यांनी ऋताच्या गुडघ्यावर हात ठेवून हलकेच दाबला.

ऋताने तो हात बाजूला केला.

"आई, आमच्याकडे बाबा सिगरेट ओढतात," ती म्हणाली. "घरात ओढतात."